बदलीचा माणूस

हातात चार पैसे आले की माणसाला गाढ झोप लागते, असं कोणी सांगत असेल तर त्यानं बमरोलीला येऊन उषाबाईला भेटावं. तिच्या घराला बरे दिवस येऊन सव्वा वर्ष झालं होतं, आणि या सव्वा वर्षात बाई जेवढी घाबरली तेवढी सुरतेतल्या आधीच्या सोळा वर्षांत मिळून घाबरली नसेल.

बरे दिवस म्हणजे काही माडी चढली नव्हती. राहती खोली स्वतःची झाली, त्यामुळे भाडं संपलं. मुलगा चेतन पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून चिकटला. नवरा उखा कापडाच्या कारखान्यात चार लूम चालवत होता, तो चालवतच राहिला. आणि पोस्टात पाच वर्षं पोटाला चिमटा काढून भरलेले पैसे एकदम हातात आले, ते तिनं जसेच्या तसे परत पोस्टात ठेवले. "आई, उद्या माझी अन् बाबांची, दोघांची कमाई बंद पडली ना, तरी आठ महिने घर चालेल," असं चेतननं तिला एकदा समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून ते आठ महिने बाईच्या डोक्यात जाऊन बसले.

फरक पडला तो अगदी बारीकसारीक गोष्टींत. चहाची भुकटी पुडीतून यायची, ती आता अर्ध्या किलोच्या पाकिटातून यायला लागली. गॅसचा दुसरा बाटला घरात आला, त्यामुळे कणीक मळल्यावर गॅस संपला तरी छातीत धस्स होईना. किराणा दुकानदाराच्या फालतू विनोदाला हसायची गरज उरली नाही, हे तर फारच मोठं सुख. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ताप आला की त्याच दिवशी डॉक्टरकडे जाता येऊ लागलं. पगार सात तारखेला आणि बावीस तारखेला, त्यामुळे त्या गल्लीत माणसं आजारी कधीही पडोत, औषध घ्यायची ती याच दोन तारखांना. उषाबाईनं चेतनचा कान ऐन पावसाळ्यात चौदा दिवस वाहताना पाहिला होता, कारण तो दुखायला लागला आठ तारखेला. ते आता संपलं होतं.

पण सुखानं खाईल तर ती उषाबाई कसली. तिला वाटे, कोणाला कळलं तर दृष्ट लागेल, गावाकडचे नातेवाईक हात पसरत येतील, नाहीतर देवालाच आपली चूक लक्षात येईल. म्हणून ती चहाचं पाकीट पिठाच्या डब्यामागे लपवायची आणि भुकटी जुन्या चेपलेल्या डबीत काढायची. दुपारी गल्लीतल्या बायकांबरोबर साड्यांचे लोंबते धागे कापायला बसायची ती बसायचीच. कोणी विचारलं की आपल्या खानदेशी अहिराणीत म्हणायची, "काय सांगू माय, चालू शे कसं बी."

सत्त्याण्णव सालच्या श्रावणातली गोष्ट. एका मंगळवारी संध्याकाळी उखा कामावरून आला, हातपाय धुऊन ताटावर बसला आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "जिनानी भीत चिरी गयी."

हा माणूस तसा कमी बोलणारा. बारा तास लुमांच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाला घरी आल्यावर बोलायची हौस राहत नाही. त्यामुळे तो स्वतःहून बोलला की उषाबाई कान टवकारायची. तिनं विचारलं, "कितली चिरनी?"

उखानं सांगितलं ते असं. त्यांचा कारखाना तळमजला आणि वर दोन मजले असा. सगळ्यात वरचा मजला नुसता गोदामाचा होता, त्यावर शेठनं होळीनंतर बारा जुने लूम आणून बसवले. लूम चालू असले की जमीन हलतेच, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण महिनाभरापूर्वी जिन्याच्या भिंतीवर केसासारखी भेग दिसली. उखाकडे तंबाखूसोबत चुन्याची डबी असायचीच. त्यानं रविवारी भेगेवर आडवी तीन बोटं चुना ओढून ठेवला. चुना वाळतो, भेग हलली तर तोही तुटतो. घरं बांधणाऱ्या एका म्हाताऱ्यानं गावाकडे त्याला हे कधीतरी शिकवलं होतं.

"आज दखं तं तिन्ही बोटं तुटेल शेत," उखा म्हणाला.

"शेठले सांगं?"

"सांगं. म्हने, पलस्तर शे. पावसाया उतरना का रंग मारी टाकू."

शेठ तसा वाईट माणूस नव्हता, असं म्हणायची पद्धत आहे. आपणही म्हणू. दिवाळीला तो प्रत्येकाला मिठाईचा डबा द्यायचा. फक्त स्वतः तो त्या जिन्यानं कधी वर जात नसे.

उखानं ताटातली भाजी संपवली, पाणी प्यायलं आणि म्हणाला, "सकाय पाईन मी तठे जावाव नही."

भिंतीचं ऐकून उषाबाई घाबरली नव्हती ती आता घाबरली. सोळा वर्षांत हे वाक्य त्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. अंगात ताप असताना उखा गेला होता, बोटाला टाके घातलेले असताना गेला होता, आणि दंगलीच्या दिवसांत संचारबंदी उठल्या उठल्या सगळ्यात आधी गेला होता. कामावर न जाणं ही त्यांच्यासारख्यांनी करायची गोष्टच नव्हती. तिनं कसंबसं म्हटलं, "लूम जातीन हातमाईन."

"जाऊ दे. घरमा आठ महिनानं शे ना?"

"ते अडीनडीले शे."

"मंग हाई अडीनडी नही का?"

ती ताट उचलायला वाकली तेव्हा तिला दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक म्हणजे आपला नवरा आज शेठच्या तोंडावर नाही म्हणू शकतो, ते आपण पुडीतला चहा पिऊन साठवलेल्या पैशांमुळे. त्याचा तिला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. आणि दुसरी म्हणजे, आता संपलं सगळं. दोन्ही खरंच वाटलं. त्यातलं दुसरं रात्रभर पुरलं.

सकाळी उखा पहिल्या बसनं कामरेजला गेला. तिथे त्याच्या ओळखीच्या एकाचं पत्र्याचं शेड होतं, सगळे लूम जमिनीवर. जागा आहे का विचारून संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला. तो गेला आणि पंधरा मिनिटांत दारात लुना थांबली. कारखान्याचा सुकदेव मास्टर होता. हाही त्यांच्याच भागातला, शिंदखेड्याकडचा. लूम दुरुस्त करायचा आणि माणसांची हजेरीही घ्यायचा.

"वहिनी, उखा कोठे शे?"

"बाहेर गयात. कामरेजले."

"आज खाडा पडना तं शेठ लूम दुसराले दी टाकी. मी थांबाडू शकस नही." सुकदेवनं घड्याळात पाहिलं. "नही तं बदली धाडा. तुमना मानूस उभा ऱ्हायना तं लूम तुमनाच."

बदलीचं हे असं असतं. लुमवाला गावी गेला, आजारी पडला, लग्नाला गेला, तर त्यानं आपल्या जागी माणूस द्यायचा. पण माणूस घरचा हवा. परका उभा केला तर तो दुसऱ्या दिवशी हटत नाही, आणि मूळ मालकाला आपल्याच लुमांपुढे पाहुण्यासारखं उभं राहावं लागतं. म्हणून खानदेशी माणसं बदलीला भाऊ देतात, साडू देतात, भाचा देतात. सोळा वर्षांत उषाबाईनं असे पाच-सहा बदली पाठवले असतील. त्यात विचार करण्यासारखं काही असतं, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

"आते धाडी देस," ती म्हणाली.

तिच्या डोळ्यासमोर लगेच गजेंद्र आला होता, तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. आठ महिन्यांपूर्वी बायकोला घेऊन सुरतेला आला. ज्या कारखान्यात लागला तो महिन्यापूर्वी बंद पडला, तेव्हापासून रोज सकाळी नाक्यावर उभा राहून परत यायचा. दोन गल्ल्या सोडून भाड्याची खोली, पदरात पाच महिन्यांची पोर. उषाबाई पायात चप्पल अडकवून निघाली तेव्हा तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटत होतं. नवऱ्याचा शब्द राहिला, लूमही राहिले आणि बहिणीच्या पोराला काम मिळालं. एका दगडात किती पक्षी मारले हे मोजत ती गेली.

गजेंद्र दारात पोरीला मांडीवर घेऊन बसला होता. काम आहे म्हटल्यावर तो उठलाच. त्याची बायको वर्षा आत धावली, कालची भाकरी आणि मिरचीचा ठेचा डब्यात भरला, आणि डबा त्याच्या हातात देऊन उषाबाईच्या पाया पडली. भिंतीचं सांगावं असं उषाबाईच्या मनात होतं. अगदी ओठांवर होतं. पण वर्षा वाकलेली, पोर तिच्या खांद्यावरून हसत होती, गजेंद्रनं चपलाही घातल्या होत्या. तिनं म्हटलं, "जिनावरथीन सांभाळीसन जाय रे. वल्ला ऱ्हास." जिना ओला असतो. एवढंच तिनं सांगितलं. आणि परत येताना स्वतःला बजावलं की उखाला पहिल्यापासून प्रत्येक गोष्ट वाढवून सांगायची खोड आहे. उखाला अशी काहीही खोड नव्हती.

घरी येऊन तिनं चहा टाकला. साखर नेहमीपेक्षा जरा जास्तच घातली. कप तोंडाला लावणार, एवढ्यात मागच्या बाजूनं धडाम असा आवाज झाला आणि जमीन हादरली.

कप हातातून सुटला. ती अनवाणी रस्त्यावर धावली. मागच्या गल्लीत एका ट्रकमधून सळयांचा भारा खाली टाकत होते. हमाल तिच्याकडे बघायला लागले. ती भिंतीला धरून उभी राहिली. कारखाना तिथून अर्धा कोस लांब. तिथलं काही पडलं असतं तरी इथे ऐकू आलं नसतं, हे तिला कळत होतं. पण त्या क्षणी आपल्याला कुठल्या भिंतीची आठवण झाली हेही तिला कळलं, आणि ते कळल्यावर न कळल्याचं सोंग करता येईना.

ज्या छपराखाली मी माझा नवरा पाठवला नाही, त्या छपराखाली मी बहिणीचं पोरगं पाठवलं.

घरात येऊन तिनं सांडलेला चहा पुसला. मग परत पुसला. देवापुढे उदबत्ती लावली आणि ती अर्धी जळायच्या आत दुसरी लावली. तिनं स्वतःशी वाद घातला. बाकीची साठ माणसं तिथे उभी आहेतच की. इतके दिवस पडली नाही ती आजच कशाला पडेल. संध्याकाळी सात वाजता पाळी सुटेल, गजेंद्र हसत येईल. एक दिवसाचा तर प्रश्न. पण तीन बोटं चुना रविवारी लावला होता आणि मंगळवारी तुटला होता. त्यालाही दोनच दिवस लागले होते.

अकराच्या सुमाराला वर्षा आली. पोर काखेत, हातात पेल्यात झाकलेलं काहीतरी. "मावशी, खीर लयनू. दुकानदारनी दूध दिन्हं आज. त्याले सांगं, यास्ले काम लागनं." एका दिवसाच्या कामाच्या भरवशावर तिनं महिन्यानंतर उधारीवर दूध आणलं होतं, आणि त्यातला पहिला वाटा मावशीकडे. पोरीचं नाव योगिता. तिनं उषाबाईच्या बांगडीला हात घातला आणि सोडेना.

उषाबाईला रडू आलं नाही. तिला भयंकर भीती वाटली. तिनं पोरीची बोटं एकेक करून सोडवली, खिरीचा पेला शेगडीशेजारी ठेवला, आणि म्हणाली, "तू आठेच बठ. मी जाईसन येस." कुठे, ते सांगितलं नाही. वर्षानं विचारायच्या आत ती गल्लीच्या तोंडाशी पोहोचली होती.

कारखान्यात बाई सहसा जात नसे. दारातला रखवालदार काहीतरी म्हणाला, ते तिच्या कानापर्यंत आलंच नाही, कारण आत पाऊल टाकल्यावर दुसरं काही ऐकू येतच नव्हतं. जिना अरुंद होता. उजव्या हाताची भिंत तिनं बघायची नाही असं ठरवलं आणि बघितली. चुन्याची तीन बोटं होती. उखाचं मधलं बोट जरा वाकडं, ते चुन्यातही वाकडंच उमटलं होतं. तिन्हीच्या मधून काळी रेघ गेली होती आणि आज त्या रेघेत तिच्या करंगळीचं टोक गेलं. आत बोटाला भिंतीची थरथर लागत होती. तिनं बोट झटकन काढून घेतलं.

परत फिरायला हरकत नव्हती. कोणी बघत नव्हतं. तिचे पाय खरोखरच एक पायरी खाली उतरले. मग तिनं पदर कमरेला खोचला आणि वर गेली.

गजेंद्र खिडकीजवळच्या चार लुमांवर होता. लूमवाले बोलत नाहीत, हातांनी खुणा करतात. त्यानं तिला पाहून भुवया उडवल्या आणि पंजा उलटा केला, म्हणजे काय झालं. तिनं दाराकडे बोट दाखवलं, चल. त्यानं मान हलवली, नाही. मग ती जवळ गेली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "भीत पडाले ऊनी शे. तुना काका त्यामुळेच ऊनात नहीत. मी तुले सांगं नही. चाल आठेन."

त्याला राग येईल असं तिला वाटलं होतं. येता तर बरं झालं असतं. तो तुटलेला धागा गाठ मारून जोडत होता, तो जोडून झाल्यावर तिच्या कानाशी वाकला. "माले मालूम शे मावशी. सकायीच चुना दखा मी. आठे सर्वास्ले मालूम शे."

"मंग काब्र उभा शे?"

"काकाले घर बसनं परवडनं. माले कोठे परवडस?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. तेवीस वर्षांचं पोरगं, गालावर अजून धड दाढी नाही. भिंतीबद्दल तक्रार करायची तरी आधी एक दिवस खाडा करावा लागतो, आणि तो एक दिवसच त्याच्याकडे नव्हता. तिनं इतके दिवस चहाचं पाकीट लपवून ठेवलं, पण गल्लीतल्या सगळ्यांना केव्हाच कळलं होतं की उषाबाईच्या घरात नाही म्हणण्याइतकं आहे.

"पंधरा दिनना पगार मी देस तुले," ती ओरडली.

"अन् सोयावा दिनले?"

त्यानं हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. सोळाव्या दिवसाचं तिला माहीत नव्हतं. गजेंद्र दुसऱ्या लुमाकडे वळला. उषाबाई दोन लुमांच्या मधल्या बोळात, जिथून त्याला सारखं ये-जा करावं लागायचं तिथे, खाली बसली. मांडी घालून, शेतात निंदायला बसावं तशी.

त्यानं खुणेनं उठायला सांगितलं. ती उठली नाही. त्यानं हात जोडले. तिनं मान फिरवली. जमिनीतून थरथर तिच्या मांड्यांत, मणक्यात, दातांत जात होती. वर छताला पोपडे धरले होते, त्यातला एखादा भुरभुरत तिच्या केसांत पडे, आणि प्रत्येक वेळी ती डोळे घट्ट मिटून घेई. देवाचं नाव आठवेना. चेतनचं नाव आठवलं. आपण इथून उठलो तर पुन्हा बसायची हिंमत होणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून तिनं पायाच्या अंगठ्यांनी फरशी धरून ठेवली. आजूबाजूची माणसं बघत होती. एकही हसला नाही.

सुकदेव मास्टर आला, हातवारे करून काहीतरी ओरडला, आणि त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग तो झपझप खाली निघून गेला.

गजेंद्र आणखी पंधरा-वीस मिनिटं काम करत राहिला. धागा तुटला की तो जोडायचा, वर छताकडे बघायचा, मग तिच्याकडे बघायचा. एकट्याचा जीव त्यानं सकाळी चुन्याच्या रेघेसमोर पणाला लावून टाकला होता. मावशीचा लावायची त्याची तयारी नव्हती. शेवटी त्यानं पहिला लूम बंद केला. मग दुसरा. चौथ्यापाशी तो जरा थांबला, कापडावरून हात फिरवला, आणि तोही बंद केला.

तिला उठवताना त्याला तिच्या दोन्ही काखांत हात घालावे लागले, पाय बधिर झाले होते. जिन्याच्या मध्यावर वरती येणारा एक माणूस भेटला. चाळिशीचा, अंगात धुवून पांढुरका झालेला सदरा, हातात डबा. जिना अरुंद म्हणून त्यानं पाठ चिरलेल्या भिंतीला टेकवली आणि तिला वाट करून दिली. "सांभाळीसन उतर, माय," तो म्हणाला.

"भाऊ, ती भीत दख," उषाबाई म्हणाली. "वर जाऊ नको."

"दखी माय मी. महिना व्हयना, दारमाच बठेल शे कामकरता." तो पुढे काही बोलणार होता, पण खालून सुकदेवनं हाक मारली, "ओ मगन, चाल लवकर," आणि तो चढून गेला.

ती दोघं रस्त्यावर आली. गजेंद्र थबकला, त्यानं कान दिला. उषाबाईला तो सगळा एकच खडखडाट वाटत होता, पण त्याला त्यातले चार वेगळे ऐकू आले. "चालू व्हयनात," तो म्हणाला.

त्याला तिनं आपल्या घरी धाडलं, वर्षा तिथेच बसली होती. वर्षाला सांग, आज दोघं माझ्याकडे जेवा. उद्याही. कामरेजला जागा मिळाली तर काका तुझ्यासाठीही विचारेल, आणि नाही मिळाली तरी सोळाव्या दिवसाचं सोळाव्या दिवशी मी बघेन. हे सगळं ती भराभर बोलली, आणि बोलताना तिला कळलं की पोस्टातल्या आठ महिन्यांचे दोन घरांत वाटून आता चारच राहिले. त्याची तिला भीती वाटली नाही, याचं तिला नवल वाटलं. पण भिंतीची भीती जात नव्हती. तिची नजर सारखी खिडकीजवळच्या चार लुमांकडे वर जात होती.

गजेंद्र गेल्यावर तिनं निघायला हवं होतं. ती समोरच्या चहाच्या गाडीशेजारी दगडावर बसली. त्या माणसाचं ना गाव माहीत, ना घरचं कोणी माहीत. पण भिंतीला पाठ टेकवून त्यानं तिला वाट दिली होती, आणि तिनं रिकामे करायला लावलेल्या लुमांवर तो उभा होता. तिनं गजेंद्रला खाली आणलं तेव्हा याला वर चढवलं. ती दुपारभर तिथून हलली नाही. चहावाल्यानं दोनदा कप दिला, दोन्ही निवून गेले. ट्रक गेला की ती दचकून उभी राहायची आणि परत बसायची.

साडेसहाला तिला शोधत उखा आला. कामरेजला पुढच्या महिन्यापासून दोन जागा होत्या, ते सांगायला धावत आला होता. वर्षानं त्याला सगळं सांगितलं असावं, कारण त्यानं काही विचारलं नाही. तिच्या शेजारी बसला, तंबाखू काढली, आणि न मळता तशीच परत ठेवली.

सात वाजता पाळी सुटली. माणसं एकेक करून बाहेर यायला लागली, कानात कापूस, भुवयांवर रुई. उषाबाई उभी राहून प्रत्येकाचा चेहरा बघत होती. मगन सगळ्यात शेवटी आला. रिकामा डबा हलवत, शेजारच्याशी काहीतरी बोलत. तिच्या जिवात जीव आला. सकाळपासून पहिल्यांदा तिला भूक लागल्याची जाणीव झाली. तिनं उखाचा हात धरला आणि म्हणाली, "चाल, घर जाऊत."

तेवढ्यात दाराशी रातपाळीची माणसं जमली. तीही साठ. हातात भरलेले डबे.

उखाला वाटलं ती घराकडे वळेल. ती सरळ दाराशी गेली. पहिल्याला म्हणाली, "भाऊ, जिनानी भीत चिरी गयी शे, वर जाऊ नको." तो म्हणाला, "मालूम शे माय," आणि गेला. दुसऱ्याला सांगितलं. त्यानंही मान हलवली, आणि तिला हलकेच बाजूला करून तोही गेला. तिसरा आला. तिनं त्याचा डबाच दोन्ही हातांनी धरला, आणि तो ओढायला लागला तरी सोडला नाही.